डोळे मिटून ऐकलेली मेडेआ

आधी मला वाटलं, लोक हुर्यो उडवतायत.

इंडियानापोलिसचं लुकास ऑइल स्टेडियम, ऑगस्ट २०२४, ड्रम कोर इंटरनॅशनलची अंतिम फेरी. ओहायोतल्या कँटन शहराचे ‘ब्लूकोट्स’ मैदानात उतरले आणि सगळ्या सज्जांतून एकच लांबलचक, खालच्या पट्टीतला ‘ऊऽऽऽ’ घुमायला लागला. माझ्या पोटात गोळा आला. पोरं उन्हाळाभर राबलेली, अजून एक सूर वाजलेला नाही, आणि ही गत? मी मामाकडे पाहिलं. दोन्ही हात तोंडाशी धरून तोही तेच ओरडत होता. मग कानाशी वाकून म्हणाला, “‘बू’ नाही गं, ‘ब्लू’. हा त्यांचा जयजयकार आहे.”

त्या रात्री ब्लूकोट्सच जिंकले. कार्यक्रमाचं नाव होतं ‘चेंज इज एव्हरीथिंग’. बदल हेच सर्वकाही. ब्लूमिंग्टनला परतताना तासाभराच्या रस्त्यावर आमचा वाद पेटला, तो या नावावरूनच.

मामा १९८४ साली ब्लूमिंग्टनच्या विद्यापीठात शिकायला आला आणि तिथलाच झाला. मी पुण्यात सात वर्षं एका पथकात ताशा वाजवला. पावसाळ्यात नदीपात्रातल्या तालमी, चिखलाने भरलेले पाय, घरी आल्यावरही कानात चालू असलेली ताशाची तर्री, हे माझं शिक्षण. इंडियानात मी आले ती पदवीसाठी, पण पहिल्याच आठवड्यात मामाने मला ड्रम कोर दाखवलं. पितळी वाद्यं, ड्रम आणि निशाणं. बासरी-क्लॅरिनेटसारखं काही नाही. वयाची विशीबाविशी ओलांडली की बाहेर. दीडशेच्या वर मुलं-मुली फुटबॉलच्या मैदानावर धावत, वळत, आकृत्या बांधत दहा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम वाजवतात. तोच कार्यक्रम अख्खा उन्हाळा घासतात. बसमधून रात्रीचा प्रवास, शाळांच्या व्यायामशाळेत जमिनीवर झोप, सकाळपासून तालीम, संध्याकाळी पुढच्या गावात स्पर्धा. पैसे मिळत नाहीत. उलट प्रत्येक जण हजारो डॉलर भरून येतो. हे ऐकलं तेव्हाच मला ती पोरं आपली वाटली होती.

“मग? कसं वाटलं?” गाडी हमरस्त्याला लागल्यावर मामाने विचारलं.

“वाजवणं अफाट. पण एक गोष्ट संध्याकाळभर खुपत होती. मैदानावर केवढं सामान! चौकटी, जिने, उतार, पडदे. ड्रमची ओळ दिसायला लागली की मध्ये काहीतरी येतं. एकटा वादक पुढे येतो तो माइकसमोर. खालचा खर्ज यंत्रातून. मामा, माझ्या ताशाला कुणी माइक लावला असता तर मी ताशा खाली ठेवला असता.”

“तुझा ताशा दहा फुटांवरून ऐकतात. इथे शेवटच्या रांगेतला माणूस केवढा लांब बसतो.”

“पूर्वीही तो लांबच बसायचा ना? तेव्हा काय करायचे? जोरात वाजवायचे.”

मामा हसला. “हे तू बरोबर बोललीस. जोरात वाजवायचे. इतकं, की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या छातीत धडधड मावेना.”

“मग ते गेलं कुठे? मला सांग, हे वादन आहे की नाटक?”

“नाटक आत्ता आलं असं तुला वाटतंय,” मामा म्हणाला. “मूळ बघ. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी ही पथकं पोसली. लष्करी पोशाख, पिसाऱ्याच्या टोप्या, बिगुल, ध्वजाचा मान. परीक्षक वहीपेन्सिल घेऊन वादकाच्या शेजारून चालायचा. चूक दिसली की एक दशांश गुण कापला. पुढे पथकांनाच याचा जाच व्हायला लागला. काय वाजवायचं, गुण कसे द्यायचे हे आमचं आम्ही ठरवू, म्हणून १९७१ साली त्यांनी स्वतःची संस्था काढली, हीच ड्रम कोर इंटरनॅशनल. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७२ साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली. ही संस्थाच कार्यक्रम मनासारखा रचता यावा या हट्टातून निघालीय. आणि दशांश कापण्याची ती पद्धत ऐंशीच्या दशकात गेली, तेव्हा रचनाकारांचे हात मोकळे झाले. चुकण्याची भीती असताना कोण नवं करून बघतं?”

“नवं आणि नाटकी यात फरक आहे.”

“आहे. पण नाटकीही जुनंच आहे. न्यू जर्सीतल्या बेयॉनचे ‘ब्रिजमेन’. मी येण्याच्या आधीचा काळ. लांब पिवळे कोट, रुंद काठांच्या टोप्या, आणि कार्यक्रमात अख्खं पथक मैदानावर धाडकन मूर्च्छा येऊन पडायचं. लोक वेडे व्हायचे. ‘सँटा क्लारा व्हॅनगार्ड’चं बाटली-नृत्य घे. ‘फिडलर ऑन द रूफ’मधलं, डोक्यावर बाटली ठेवून केलेलं. तेही लोकांनी डोक्यावर घेतलं. १९८९ साली हेच व्हॅनगार्ड ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ घेऊन विजेते झाले. नाटक कुणाला नको होतं? लोकांना आपल्याला ठाऊक असलेलं नाटक हवं होतं.”

हे वाक्य मला लागलं, कारण त्यात तथ्य होतं. पण माझा मुद्दा वेगळा होता आणि तो मला सोडायचा नव्हता.

“बाटली डोक्यावर ठेवून नाचायला अंगात कसब लागतं,” मी म्हटलं. “ते वाजवणाऱ्याच्या, नाचणाऱ्याच्या शरीरातून येतं. मी बोलतेय ते वरून थापलेल्या गोष्टींबद्दल. तूच मला ‘कॅडेट्स’ पथकाचे २००६ आणि २००७ चे कार्यक्रम दाखवलेस. २००४ साली ध्वनिवर्धकाला परवानगी मिळाली आणि दोन वर्षांत कॅडेट्स मैदानावर बोलायलाच लागले. आधी त्या आरशापलीकडच्या ॲलिसची गोष्ट, मग पुढच्या वर्षी ‘धिस आय बिलीव्ह’. पोरं माइकवरून सांगतायत आम्ही कोण, आमचा कशावर विश्वास. अरे, पण मागे हॉर्नची ओळ जीव तोडून वाजवतेय, ती ऐकू दे ना!”

“त्या दोन वर्षांत लोक चिडले ते बरोबरच चिडले,” मामा लगेच म्हणाला. “मीही चिडलो होतो. ज्याने वाजवून सांगायचं त्याने बोलून सांगितलं की वाजवण्याचा अपमान होतो.”

“मग आपण एकाच बाजूला आहोत.”

“थांब. २००८ बघ. अंतिम फेरी इथेच झाली, ब्लूमिंग्टनला, विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये, कारण हे लुकास ऑइल तेव्हा पुरं व्हायचं होतं. माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. रॉकफर्डचं ‘फँटम रेजिमेंट’, कार्यक्रम ‘स्पार्टाकस’. गुलाम, मालक, मैदानावर मारामारी, सगळं नाटक. शेवटाकडे एकेक पोर ओरडतं, मी स्पार्टाकस, मी स्पार्टाकस. आणि सज्जातले लोक ओरडायला लागले. माझ्या शेजारचा सत्तरीचा म्हातारा ओरडत होता. गुण आले तेव्हा फँटम ९८.१२५ आणि ब्लू डेव्हिल्स ९८.१००. पाव दशांशाने! तिथेही शब्द होते. मग?”

“तिथे शब्द एका वाक्याचे होते आणि ते दमलेल्या माणसाच्या तोंडून आले होते,” मी म्हटलं. “आणि तुला एक सांगू? त्याच पथकाने १९८१ आणि १९८२ मध्ये हाच ‘स्पार्टाकस’ वाजवला होता. ते ध्वनिमुद्रण मी ऐकलंय. गुलाम नाही, भाले नाहीत. तरी मला बंड ऐकू आलं.”

“तुला आलं. कारण तुला आधी ठाऊक होतं.”

मी गप्प बसले. बाहेर मक्याची शेतं काळोखात सरकत होती. मामाने खिडकी थोडी खाली केली. ऑगस्टची दमट हवा आत आली आणि मला उगाच भाद्रपदाची आठवण झाली.

खरं सांगायचं तर नाट्यरचनेच्या विरोधात बोलताना माझ्याच मनात दोन कार्यक्रम आडवे येत होते, आणि दोन्ही ब्लूकोट्सचे. २०१४ चा ‘टिल्ट’. त्यात यंत्राचा आणि पितळी वाद्यांचा सूर मिळून एका पट्टीवरून दुसरीकडे घसरत जातो. पायऱ्या न मोजता, सरळ ओघळत. ही तर मींड झाली! तुतारीच्या कुळातल्या वाद्यांवर, एवढ्या जणांच्या श्वासात, मींड. २००९ पासून इलेक्ट्रॉनिक वाद्यं चालतात, आणि जुन्या रसिकांनी त्यावर केवढी नाकं मुरडली. पण तिथे यंत्र वादकांच्या फुफ्फुसात मिसळलंय. ते वेगळं काढताच येत नाही. दुसरा २०१६ चा ‘डाउन साइड अप’, त्यांचं पहिलं विजेतेपद. मैदानावर मोठाले उतार. पोरं त्यांवर चढतात, घसरतात आणि घसरताना वाजवतात. हे मी मामाला सांगितलं आणि माझी कसोटी मांडली.

“ज्या वस्तूवर चढून पोरं वाजवतात, ती चालेल. जिच्यामागे लपतात, ती नको.”

“लपणं म्हणजे नाटक नाही?” मामा म्हणाला. “दिसणारं माणूस नाहीसं करणं आणि परत आणणं, ही रंगभूमीची सगळ्यात जुनी करामत. ‘घाशीराम’ पाहिलंस का तू? आम्ही कॉलेजात असताना थिएटर अकॅडमीचे प्रयोग पाहिले. ते पहिल्यांदा रंगमंचावर आलं तेही १९७२ सालीच, डिसेंबरात. माणसांची भिंत. बामणांची रांग पाठ फिरवते आणि पडदा होतो. ती उघडते, मिटते, डुलते. कापडाचा पडदा नको, नेपथ्य नको. मी पहिल्यांदा इथे मैदानावरची ड्रिल पाहिली तेव्हा मला काय आठवलं असेल सांग?”

“ती भिंत माणसांची होती, मामा. माझं म्हणणं तेच आहे!”

“आणि तिच्यावर लोक खवळले होते.”

“ते नाना फडणवीसांच्या चित्रणावरून.”

“हो, मुख्य राग त्याचा. पण माझे आजोबा पहिल्यांदा बघून आले तेव्हा म्हणाले होते, हे नाटक आहे की कवायत? आज तू मला नेमकं उलटं विचारतेयस.”

मला हसू आलं. मामा हसला नाही. त्याने वेग कमी केला, जणू पुढचं बोलायला रस्ता पुरायला हवा होता.

“मी आज बाराही पथकांसाठी उभा राहिलो, ते पाहिलंस?”

“पाहिलं. काही तुला आवडले नव्हते, तेही कळलं. टाळी वाजवताना चेहरा वेगळा होता.”

“मग ऐक. १९९३.”

‘स्टार ऑफ इंडियाना’बद्दल मी मामाच्या घरी तुकड्यातुकड्यांनी ऐकलं होतं, त्या रात्री पहिल्यांदा सलग ऐकलं. ब्लूमिंग्टनच्या एका उद्योगपतीने, बिल कुक यांनी, हे पथक उभं केलं. वैद्यकीय उपकरणांचा त्यांचा मोठा व्यवसाय. १९८५ साली पहिल्यांदा मैदानात उतरलं आणि पहिल्याच वर्षी अंतिम बारांत गेलं. असं आधी कुणालाच जमलं नव्हतं. बाकीच्या गावांत कुजबुज चालायची की पैशाच्या जोरावर विकत घेतलेलं पथक आहे. मामाला त्याचं काही नव्हतं. परक्या देशात, नव्या गावात, ‘आमचं’ म्हणता येईल असं त्याला ते पहिलं काहीतरी मिळालं होतं. १९९१ साली रेस्पिगीच्या रोमवरच्या संगीतावर ते विजेते झाले. ‘रोमन इमेजेस’. भव्य, सोनेरी, कान तृप्त करणारं. मामाने त्या वर्षी मामीलाही नेलं होतं, लग्नानंतरचा पहिला उन्हाळा.

“आणि दोन वर्षांनी,” मामा म्हणाला, “तेच पथक आलं ते बार्टोक आणि सॅम्युएल बार्बर घेऊन. बार्बरची ‘मेडेआ’. नवऱ्याने सोडलं म्हणून स्वतःच्या पोरांना मारणारी ग्रीक बाई. ओळखीची एक चाल नाही. मध्येच सगळं थांबतं. नुसती शांतता. कुठेतरी एकच ठोका. पुन्हा शांतता. हॉर्न वाजवणारी पोरं अंग वाकवतायत, हात फेकतायत. टाळी कुठे वाजवायची तेच कळेना. आपल्याकडे गाण्यात सम आली की मान डोलते ना, तशी जागाच देईनात.”

“मग लोकांनी काय केलं?”

“काही ठिकाणी हुर्यो झाली म्हणून सांगतात. मी गेलो होतो तिथे नाही झाली. तिथे त्याहून वाईट झालं. कोणी काहीच केलं नाही. इंडियानातलंच मैदान, आमचीच माणसं. कार्यक्रम संपला आणि थोडीशी टाळी पडली, पाहुण्याला निरोप देताना देतात तशी. मी हाताची घडी घालून बसलो होतो. मला राग आला होता. आमचं रोम काढून घेतलं आणि हे काय आणून दिलं? माझ्या पुढच्या रांगेत एक बाई होती, पथकाचं जाकीट घातलेली. मुलगा किंवा मुलगी मैदानावर असणार. ती उभी राहून एकटीच टाळ्या वाजवत होती. मग तिने मागे वळून आमच्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं पाहिलं. आणि मी घडी सोडली नाही.”

गाडीत काही वेळ फक्त टायरांचा आवाज होता.

“त्या पोरांनी मेडेआ निवडली नव्हती,” मामा म्हणाला. “निवडणारे पगारी, मोठे लोक. पोरांनी फक्त ती अंगात भरून घेतली. महिनोन्महिने. आणि आम्ही जे काही करतो ते रचनाकारापर्यंत पोचतच नाही, ते पोचतं मैदानावरच्या वीस वर्षांच्या पोराला. अंतिम फेरीत कॅडेट्स ९७.४, स्टार ९७.३. एक दशांश.”

“म्हणजे परीक्षकांना ते कळलं होतं.”

“बऱ्यापैकी. मला कळायला किती वर्षं लागली माहितेय? त्या हंगामानंतर स्टार ड्रम कोर सोडून गेलं. का गेलं ते त्यांचं त्यांना ठाऊक, माझ्या टाळीने ते थांबलं नसतं. पण त्यातूनच पुढे ‘ब्लास्ट!’ हा रंगमंचावरचा कार्यक्रम आला. १९९९ साली लंडनला, २००१ साली ब्रॉडवेवर. त्याच वर्षी टोनी पारितोषिक. आणि त्या ‘ब्लास्ट!’मध्ये काय होतं? मेडेआ होती. तिकीट काढून आलेले लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यात मीही होतो, आठ वर्षं उशिरा.”

“मग माझंच बरोबर ठरलं,” मी म्हटलं, आणि मला ते मनापासून वाटत होतं. “ते जिथे जायला हवे होते तिथे गेले. नाट्यगृहात. अंधार, दिवे, शांत बसणारा प्रेक्षक. मैदान हे मैदान आहे, मामा. तिथे आईस्क्रीम खात बसलेल्या पोराला मेडेआ कशी कळणार? आणि बार्बरने ते संगीत कशासाठी लिहिलं होतं? नृत्यासाठी. मार्था ग्रॅहमच्या नृत्यनाट्यासाठी, १९४६ साली. तेही रंगमंचावरच झालं.”

“बघ, तूच सांगितलंस. ते संगीत नाचण्यासाठीच होतं. मग पोरांनी वाजवताना अंग हलवलं तर ते वरून थापलेलं कसं?”

मला उत्तर सुचेना.

“आणि नाट्यगृहात सहज जमलं असतं असं नको समजू,” तो पुढे बोलत राहिला. “नाट्यगृहात समोरून एकाच अंगाने दिसतं. मैदानात उंचावरून बघतेस तेव्हा माणसं रेघा होतात, रेघा वाकतात, तुटतात. ती बाई आतून फाटतेय हे त्या रेघांत होतं. रंगमंचावरची मेडेआ मला आवडली. पण मैदानावरची मी पाहिली होती, डोळे उघडे ठेवून, आणि बघितली नव्हती.”

“ठीक. पण सगळेच काही स्टार नसतात,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. “तू एका मोठ्या कामाचं नाव घेऊन बाकीच्या शंभर कामांना पास करतोस. आता गुणांचं बघ. शंभरातले चाळीस एकूण परिणामासाठी. म्हणजे परिणाम दाखवला पाहिजे. मग जो तो मोठ्या कल्पना आणतो. २०१२ चं ब्लू डेव्हिल्सचं ‘कॅबरे व्होल्टेअर’. झुरिकमधल्या दादावाद्यांचा अड्डा, अर्थहीनतेची कला. जिंकले ते. पण बघणाऱ्याने आधी युरोपच्या कलेचा इतिहास वाचून यायचं? ज्याला समजावून सांगणारं पत्रक लागतं तो कार्यक्रम माझ्या आजीला कळणार नाही. आणि लक्ष्मी रस्त्यावर माझा ताशा आजीला कळायचा.”

“ब्लू डेव्हिल्सचं ते मलाही पहिल्यांदा कळलं नाही. दुसऱ्यांदाही नाही.”

“मग?”

“मग पोरांच्या हातांकडे बघितलं. एकेक जण वेगळं काहीतरी करतोय, कुणाचंच कुणाशी जुळत नाही असं वाटतं, आणि एका क्षणी सगळे एकत्र. जुळलेलंच होतं ते, आपल्याला दिसत नव्हतं. दादावाद मला आजही कळत नाही. त्या पथकाची शिस्त कळली. दोन वर्षांनी त्यांनीच फेलिनीच्या सिनेमांवर कार्यक्रम केला आणि ९९.६५ गुण घेतले, एवढे आजवर कुणालाच मिळालेले नाहीत. तरी तेव्हाही लोक म्हणतच होते, फार थंड आहे, आम्हाला आत घेत नाहीत.”

“ते लोक चूक होते?”

मामा बराच वेळ बोलला नाही.

“नाही,” तो म्हणाला. “चूक नव्हते. आत घेतलं नाही असं वाटणं खरं असतं. मला ती पिसाऱ्याची टोपी अजून आठवते, माहितेय? २०१६ मध्ये ब्लूकोट्स टोपीशिवाय जिंकले आणि पाठोपाठ एकेकाने टोप्या उतरवल्या. आता सगळे घट्ट, रंगवलेले पोशाख. छान दिसतात, अंग मोकळं राहतं, सगळं कळतं. पण शंभर पिसारे एकदम वळायचे ना, तेव्हा शेतातून वारा गेल्यासारखं वाटायचं. ते गेलं. मी त्याबद्दल कुणाशी भांडत नाही, पण मला ते विसरायचंही नाही.”

त्या क्षणी मला मामा आवडला, वादातला प्रतिस्पर्धी म्हणूनही. १९८२ साली मैदानाच्या कडेला जमिनीवर ठेवून वाजवायची वाद्यं आली, तेव्हा लोक म्हणाले हे कवायतीचं पथक राहिलं नाही. १९९० साली बिगुलाला तिसरी कळ आली, २००० साली जुन्या ‘जी’ पट्टीची सक्ती गेली, दर वेळी कुणीतरी हेच म्हणालं. ही जंत्री मामाने मला पूर्वी ऐकवली होती. मी तेव्हा ती ‘विरोध करणारे नेहमीच चुकतात’ अशा अर्थाने ऐकली. पण तसं नाही. त्या प्रत्येक वेळी कुणाचा तरी एक पिसारा गेला होता. आणि मीसुद्धा, ज्या खेळात काल आले, त्यात आतापासूनच माझा पिसारा धरून बसले होते: उघडा, जवळचा, माइकशिवायचा ठोका.

तरी माझं मत मी सोडलं नाही. अजूनही नाही. कल्पना मैदानावर ठेवलेल्या वस्तूंत राहिली आणि पोरांच्या हातापायांत उतरली नाही, तर बघणाऱ्याने ते बोलून दाखवायला हवं, मोठ्याने आणि रचनाकाराला ऐकू जाईल असं. प्रेमाने बघणाऱ्यांनी गप्प बसायचं ठरवलं, तर पुढच्या वर्षी आणखी दोन ट्रक सामान येईल आणि त्याचाही खर्च फिरून पोरांच्याच शुल्कावर बसेल. मामाला हे पटतं. त्याची अट एवढीच की ती तक्रार संध्याकाळी मैदानाकडे तोंड करून करायची नाही.

घरासमोर गाडी थांबली. मध्यरात्र उलटून गेली होती. मामाने इंजिन बंद केलं, पण उतरला नाही.

“तू म्हणतेस वादन आधी,” तो म्हणाला. “मग एक कर. डोळे मीट.”

त्याने फोनवरून १९९३ चं ध्वनिमुद्रण लावलं. चित्र नाही, फक्त आवाज. मी सीट मागे केली.

पहिले सूर आले ते ओळख न देताच. मी सवयीने मांडीवर बोटांनी मात्रा धरायला लागले. पथकात आम्ही असंच करायचो, नवा हात ऐकला की आधी बोटांत घ्यायचा, मग काठीवर. थोडा वेळ जमलं. मग शांतता आली. मी मोजत राहिले. शांतता लांबली. मी पुढचा ठोका धरला आणि तो आलाच नाही. आला तेव्हा माझं बोट हवेत होतं. पुन्हा पकडलं, पुन्हा सुटलं. दूर कुठेतरी खोल हॉर्न एकमेकांवर चढत होते, आणि त्या चढण्यात काहीतरी हलत होतं. एकाच जागी उभ्या माणसांचा तो आवाज नव्हता. तो डावीकडून उजवीकडे जात होता, पसरत होता, अचानक एका टोकाला गोळा होत होता. कुणीतरी पळत होतं. कुणाकडे? कुणापासून?

मग पुन्हा ती लांब शांतता. मुद्रणात प्रेक्षकांचा कुठेही खोकला नव्हता. माझं बोट मांडीवर थांबलेलं होतं.

“मामा,” मी डोळे न उघडता विचारलं, “इथे मैदानावर काय चाललंय?”

त्याने फोन थांबवला. दार उघडल्याचा आवाज आला, आणि रातकिड्यांचा.

“आत चल. टीव्हीवर लावतो. मामी झोपलीय, आवाज बारीक ठेवू.”